दीर्घकालीन खाज : कारणे व उपचार

खाज सुटणे ही वरकरणी क्षुल्लक तक्रार वाटते. तथापि आमच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेकांना महिनोन्‌महिने शांत झोप लाभलेली नसते. मुलांचे अभ्यासातील लक्ष उडते, कष्टकऱ्यांचा रोज बुडतो आणि संकोचापोटी हा त्रास घरातही सांगितला जात नाही. म्हणून या विषयाची माहिती प्रस्तुत अहवालात देत आहोत.

सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या खाजेस दीर्घकालीन खाज म्हणतात. खाज हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. खाजविल्याने क्षणभर बरे वाटते. परंतु त्वचेचा दाह वाढून खाज पुन्हा सुटते. हे चक्र थांबविणे व मूळ कारण शोधणे ही उपचारांची दोन अंगे होत.

कोरडी त्वचा, इसब, गजकर्ण व खरूज ही त्वचेतील नेहमीची कारणे. मात्र अंगावर पुरळ नसतानाही खाज सुटू शकते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, पित्तप्रवाहातील अडथळा, थायरॉइडचे विकार, लोहाची कमतरता, तर क्वचित रक्ताचा वा लसीका ग्रंथींचा कर्करोग तिच्या मुळाशी असतो. यास्तव डॉक्टरांनी रक्ततपासणी सुचविल्यास ती अनावश्यक समजू नये.

खरजेचा विशेष उल्लेख करावयास हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. डोळ्यांना सहज न दिसणारा किडा त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती खाज सुटते आणि रात्री ती वाढते. प्रथम लागण झाल्यास लक्षणे दिसण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर घरातील इतरांना लागण झालेली असते. म्हणून सर्वांनी एकाच दिवशी उपचार घेणे अत्यावश्यक आहे. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत लावून सकाळी स्नान करावे आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार आठवड्याभराने पुन्हा लावावे. तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आधी सल्ला घ्यावा. कपडे व अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे. किडे मेल्यानंतरही काही आठवडे खाज राहते. तेवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असे मानू नये.

गजकर्णावर दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे घातक ठरतात. खाज तात्पुरती शमते, बुरशी मात्र पसरते आणि त्वचा पातळ होते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याच गैरवापरामुळे.

कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, सौम्य साबण, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल वा पेट्रोलियम जेली, सुती कपडे व कापलेली नखे एवढ्या काळजीनेही बराच आराम पडतो.

हिशेबाच्या दृष्टीने एकाच रुग्णास मलम देणे स्वस्त दिसते. परंतु घरातील पाचांपैकी एकावरच उपचार झाले, तर तोच रुग्ण काही आठवड्यांत परत येतो आणि आधीचा खर्च वाया जातो. म्हणून खरजेच्या गरजू रुग्णास आम्ही संपूर्ण कुटुंबाचे औषध एकाच वेळी देतो. देणगीदारांनी औषध निधीस दिलेले साहाय्य येथे कामी येते. रुग्णांच्या आप्तांना विनंती की, तपासणीस येताना घरातील सर्वांना सोबत आणावे.