विश्लेषण : ऑनलाइन फोटोबुक बिघडले, ‘कस्टम माल परत नाही’ हे उत्तर ग्राहकाने मान्य करावे का?

आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षे झाली, म्हणून आम्ही भावंडांनी त्यांना ऑनलाइन फोटोबुक करून द्यायचे ठरवले. बाबा वन खात्यात होते. आलापल्ली, एटापल्ली, सिंदेवाही, मूल अशा बदल्या होत गेल्या आणि निवृत्तीनंतर ते गडचिरोलीत स्थायिक झाले. त्या सगळ्या गावांचे फोटो एका पत्र्याच्या पेटीत होते. दोन रविवार खर्चून आम्ही मोबाइलवरच ४० पानांचे पुस्तक जुळवले, पैसे भरले आणि आठवडाभराने कुरिअर आले. आईने मुखपृष्ठ पाहिले आणि विचारले, ‘‘हे काय लिहिलंय?’’ ‘गडचिरोली’मधली वेलांटी ‘च’ सोडून ‘र’वर जाऊन बसली होती. आत आजी-आजोबांचा एकमेव जोडफोटो दोन पानांवर पसरला होता, पण चेहरे ओळखू येत नव्हते. कंपनीचे उत्तर एका ओळीचे होते : हे कस्टम उत्पादन आहे, परत घेता येणार नाही. पुढच्या महिनाभरात कळले की दोनपैकी एक चूक कंपनीची होती, दुसरी आमची. हा फरक ओळखता आला तरच तक्रार टिकते. तो कसा ओळखायचा?

फोटोबुक आणि लग्नाचा अल्बम यांत फरक काय?

लग्नसराईत चंद्रपूर-गडचिरोलीतील स्टुडिओ जो ‘करिझ्मा अल्बम’ देतात, तोही फोटोबुकचाच प्रकार. त्यात फोटो चिकटवलेले नसतात, तर पूर्ण पानच छापलेले असते. मात्र तिथे मांडणी डिझायनर करतो आणि फोटो कमी दर्जाचा असेल तर तो तसे सांगतो. ऑनलाइन फोटोबुकमध्ये ही दोन्ही कामे ग्राहकाकडे येतात. संकेतस्थळावर किंवा ॲपवर फोटो चढवायचे, पाने लावायची, मजकूर लिहायचा आणि ‘प्रिव्ह्यू’ पाहून मंजुरी द्यायची. त्या मंजुरीनंतर फाइल सहसा थेट छपाईला जाते. त्यामुळे ‘कन्फर्म’चे बटण दाबणे म्हणजे छापखान्याला दिलेली अंतिम परवानगी समजावी.

मोबाइलवर स्वच्छ दिसणारा फोटो कागदावर धूसर का होतो?

कारण कागदाला पडद्यापेक्षा जास्त ठिपके लागतात. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. २०० पर्यंत चालून जाते. १५० च्या खाली धूसरपणा जाणवू लागतो. ८ बाय ८ इंचांचे पान पूर्ण भरायचे तर ३०० च्या हिशेबाने २४०० बाय २४०० पिक्सेल लागतात. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे या पानाला पुरून उरतो.

अडचण होते व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोची. डेटा वाचवण्यासाठी व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवते. आजी-आजोबांच्या फोटोची फाइल १२८० बाय ९६० पिक्सेलची निघाली. तो आम्ही १६ इंच रुंदीच्या जोडपानावर पसरवला होता. १२८० ला १६ ने भागले की इंचाला जेमतेम ८० पिक्सेल उरतात. मांडणी करताना त्या फोटोवर पिवळा त्रिकोण दिसत होता. तो ‘रिझोल्यूशन कमी आहे’ असा इशारा होता. फोनवर फोटो छान दिसतोय म्हणून आम्ही तो दुर्लक्षित केला. ही चूक आमची.

मूळ फोटो मिळणे शक्य असेल तर काय करावे?

नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. तसे केल्यास फाइल जशीच्या तशी येते. ‘एचडी’ पर्याय नेहमीच्या फोटोपेक्षा बरा, पण तोही मूळ फाइल देत नाही. ई-मेल किंवा गुगल ड्राइव्हही चालते. फेसबुकवरून उतरवलेले फोटो आणि स्क्रीनशॉट मात्र छपाईसाठी टाळावेत.

जुने कागदी फोटो स्कॅन करणे सर्वात चांगले. पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेलची फाइल मिळते. तो पूर्ण पानावरही छापता येतो. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ सावलीत फोटो सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल अगदी वर समांतर धरून टिपावा. ओलाव्याने काचेला किंवा एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून काढू नयेत, वरचा थर निघून येतो. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करावा.

स्कॅन करताना फोटोची मागची बाजूही टिपून ठेवावी. आमच्याकडच्या एका फोटोमागे बाबांच्या अक्षरात ‘आलापल्ली, जि. चंद्रपूर’ असे होते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. म्हणजे फोटो त्याआधीचा, हे त्या एका ओळीवरून कळले.

मूळ फोटोच उरला नसेल तर?

आमच्या आजोळचे तसेच झाले. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या महापुरात सिरोंचा तालुक्यातील अनेक गावांत पाणी शिरले. मामाच्या घरातील भिंतीवरचा तो जोडफोटो त्यात गेला. पुराच्या आधी कधीतरी मामेभावाने मोबाइलवर टिपून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेली प्रत तेवढी उरली होती.

अशा वेळी उपाय साधा आहे : फोटो लहान छापावा. १२८० पिक्सेलला ३०० ने भागले की सव्वाचार इंच येतात. तेवढ्याच रुंदीत तो पानाच्या मध्यभागी ठेवला आणि भोवती कोरी जागा सोडली तर चेहरे नीट दिसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो मोठा आणि स्पष्ट करून देणारी ॲप आहेत; पण ती नसलेले तपशील अंदाजाने भरतात. निसर्गचित्रात ते खपून जाईल, आजीच्या चेहऱ्यात मात्र डोळे आणि ओठ भलतेच होऊ शकतात.

प्रिव्ह्यूत बरोबर दिसणारे मराठी छपाईत का तुटते?

देवनागरीची अक्षरे इंग्रजीसारखी एकापुढे एक ठेवून भागत नाही. ‘चि’ टाइप करताना आधी ‘च’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी येते. दिसताना मात्र वेलांटी ‘च’च्या आधी काढावी लागते. ‘ल्ल’, ‘द्र’, ‘र्षां’ या जोडाक्षरांसाठीही अक्षरांची विशेष जुळणी लागते. मोबाइलच्या पडद्यावर ती जुळणी फोनची यंत्रणा करते. छपाईची पीडीएफ मात्र कंपनीचे वेगळे सॉफ्टवेअर बनवते. त्याला ही जुळणी येत नसेल तर वेलांटी भलत्या अक्षराला लागते, जोडाक्षराचा पाय मोडतो किंवा अक्षरांऐवजी चौकटी छापल्या जातात.

ग्राहकाला प्रिव्ह्यूत बरोबर मजकूर दाखवून छपाईत मोडका दिला, तर तो दोष कंपनीचा. तरीही काळजी आधीच घेतलेली बरी. मराठी मजकूर द्यायचा असेल तर छपाईची पीडीएफ प्रत पाहायला मागावी. ती मिळत नसेल तर शीर्षक दुसऱ्या ॲपमध्ये तयार करून मोठ्या आकाराचे चित्र म्हणून जतन करावे आणि फोटोसारखे पानावर ठेवावे. चित्रातील अक्षरे तुटत नाहीत.

मंजुरी देण्याआधी आणखी काय तपासावे?

छपाईनंतर पानांच्या कडा कापल्या जातात. म्हणून चेहरे आणि मजकूर कडेपासून अर्धा इंच तरी आत ठेवावेत. दोन पानांच्या मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नये. पाने सपाट उघडणारी ‘लेफ्लॅट’ बांधणी असेल तरच जोडपानावर एक फोटो पसरवावा. पडदा स्वतःच्या प्रकाशाने उजळतो, कागद उजळत नाही. त्यामुळे छापील फोटो थोडा गडद येतो. ताडोबातील पहाटेच्या सफारीचे किंवा दाट जंगलातील फोटो म्हणूनच आधी थोडे उजळून घ्यावेत. रंगांतला असा किरकोळ फरक दोष मानला जाईलच असे नाही.

किंमतही शेवटच्या पायरीपर्यंत तपासावी. जाहिरातीतला दर बहुधा कमीत कमी पानांचा असतो. वाढीव पाने, बांधणी, कर आणि घरपोच खर्च त्यावर चढतो. ‘ऑफर दहा मिनिटांत संपणार’ असे खोटे घड्याळ लावणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, खर्च शेवटी उघड करणे या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असे १३ प्रकार निश्चित करून त्यांना मनाई केली आहे.

दुर्गम भागात मागवताना वेगळी काळजी लागते का?

लागते. अनेक खासगी कुरिअर जिल्हा आणि तालुक्याच्या ठिकाणापर्यंतच येतात. म्हणून पुस्तक जुळवायला बसण्याआधीच पिनकोड टाकून पाहावा. नाव नसेल तर स्पीड पोस्टने पाठवण्याची विनंती करावी किंवा गडचिरोली, चंद्रपूर, वडसा येथील नातेवाइकांचा पत्ता द्यावा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. समारंभाची तारीख ठरलेली असेल तर तेवढे दिवस हाताशी ठेवावेत.

‘कस्टम माल परत नाही’ ही अट कायद्याला धरून आहे का?

अर्धीच. मन बदलले, दुसरा फोटो हवा होता किंवा ग्राहकाने स्वतःच चुकीचे नाव टाइप केले, अशा कारणांसाठी खास बनवलेली वस्तू परत घेण्यास कंपनी नकार देऊ शकते. त्या पुस्तकाला दुसरा ग्राहक मिळणार नसतो, हे तिचे म्हणणे रास्त आहे. पण वस्तू सदोष असेल तर चित्र बदलते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. ठरलेल्या मुदतीनंतर माल आला तरीही हाच नियम आहे; नैसर्गिक आपत्तीसारखी कारणे त्याला अपवाद. ‘कस्टम’ हा शब्द अटींमध्ये लिहिला म्हणून हा नियम रद्द होत नाही.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात ती निकाली काढायची असते. फोनपेक्षा ई-मेल बरा. त्यात ऑर्डर क्रमांक, प्रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट आणि छापील पानाचा फोटो शेजारी-शेजारी द्यावा. पार्सल फोडताना व्हिडिओ काढून ठेवावा, पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ही हेल्पलाइन आदेश देत नाही, पण कंपनीशी मध्यस्थी करते. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे; कंपनी मुंबईची असो की बंगळूरुची, गडचिरोलीचा ग्राहक गडचिरोलीत दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

आमच्या पुस्तकाचे काय झाले?

पहिल्या ई-मेलमध्ये आम्ही दोन्ही दोष एकत्र लिहिले होते. कंपनीने धूसर फोटोकडे बोट दाखवून सगळीच तक्रार फेटाळली. दुसऱ्यांदा फक्त मोडक्या अक्षरांबद्दल लिहिले, प्रिव्ह्यू आणि छापील मुखपृष्ठ शेजारी ठेवले, नियमाचा उल्लेख केला आणि हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी पुस्तक विनाशुल्क पुन्हा छापण्याची तयारी कंपनीने दाखवली. धूसर पान आमची चूक म्हणून आम्ही मान्य केले आणि छपाईआधी ते बदलून देण्याची विनंती केली. तीही मान्य झाली.

नव्या पुस्तकात आजी-आजोबांचा फोटो सव्वाचार इंचांचा आहे. बाबा आलापल्लीच्या पानावर रेंगाळतात. आई पुस्तक हातात घेते तेव्हा त्या लहान फोटोचे पान आधी काढते.