विमान-अवतरण संदेशवहन

विमान-अवतरण संदेशवहन : विमान कोणत्या धावपट्टीवर व कोणत्या पद्धतीने उतरविण्याचा वैमानिकाचा इरादा आहे, हे हवाई वाहतूक नियंत्रकास कळविण्याची व त्याची अनुज्ञा मिळविण्याची व्यवस्था. गंतव्य विमानतळ उड्डाणापूर्वीच उड्डाण-योजनेत नोंदविलेला असतो. पुढील संभाषण सामान्यतः ११८ ते १३७ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतापट्ट्यातील रेडिओवरून होते. एका कंप्रतेवर एका वेळी एकालाच बोलता येत असल्याने संदेश थोडक्यात व ठराविक शब्दांत देतात.

विमानतळ जवळ येताच वैमानिक उपगमन नियंत्रकास विमानाचे संकेतनाम व उंची कळवितो. नियंत्रक त्यास उतरण्याचा क्रम, धावपट्टी व उपगमनाची पद्धत नेमून देतो. धावपट्टी दिसत असल्यास वैमानिक दृश्य उपगमनाची मागणी करू शकतो. अखेरच्या टप्प्यात विमान नियंत्रण मनोऱ्याकडे सोपविले जाते. धावपट्टी मोकळी असल्यास मनोरा वाऱ्याची दिशा व वेग सांगून अवतरणाची अनुज्ञा देतो. ती धावपट्टीच्या क्रमांकासह पुन्हा उच्चारणे वैमानिकास बंधनकारक असते; त्यामुळे ऐकण्यातील चूक तत्काळ उघड होते. अवतरण सोडून द्यावयाचे झाल्यास वैमानिक विमान पुन्हा वर घेतो व तसे कळवितो. रेडिओ बंद पडल्यास तो ट्रान्सपाँडरवर ७६०० हा संकेतांक लावतो. अशा वेळी मनोऱ्यावरून विमानाकडे रोखलेला स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे अवतरणाची अनुज्ञा होय.

तथापि उच्चारलेला क्रमांक बरोबर असला, तरी समोर दिसणारी धावपट्टी तीच आहे, अशी खात्री त्यातून मिळत नाही. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूस, जुहू विमानतळ आहे. त्याची आखूड धावपट्टी सांताक्रूझच्या पूर्व-पश्चिम धावपट्टीस जवळजवळ समांतर असून समुद्रावरून येणाऱ्या विमानास ती आधी लागते. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे एक कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूस उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाचीही तीच गत झाली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले व कायमचे निकामी झाले. मात्र त्यातील सर्व १२२ जण बचावले. म्हणूनच वैमानिक धावपट्टी डोळ्यांनी दिसत असतानाही दिशा व अंतर दर्शविणाऱ्या उपकरणांशी तिचा मेळ घालून पाहतो आणि नियंत्रक रडारवर व प्रत्यक्ष नजरेने विमानाचा मार्ग पडताळतो.