नांगर, सायकल आणि वेबसाइट

बालमित्रांनो, कुंडलजवळच्या रेल्वे स्टेशनचं नाव काय? किर्लोस्करवाडी! पण पूर्वी याच स्टेशनला 'कुंडल रोड' म्हणत. १९१० साली तिथल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला.

गंमत म्हणजे, लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार! पण सगळे रंग नीट ओळखू येईनात. मग रंग सोडले आणि रेषा धरल्या. यंत्रांची रेखाटनं शिकून ते मुंबईत शिक्षक झाले. पुढे बेळगावात सायकली विकल्या, दुरुस्त केल्या आणि नंतर लोखंडी नांगर घडवला. दुरुस्ती करता करता माणूस निर्माता झाला!

आज हे आठवलं ते तुमच्या ओळखीच्या एखाद्या दादामुळे किंवा ताईमुळे. ते ऑफिसातले संगणक दुरुस्त करतात, प्रिंटर जोडतात, नेटवर्क सांभाळतात. 'मला वेबसाइट बनवायच्या आहेत,' असं त्यांनी म्हटलं, की घरात काळजी सुरू होते. हातची नोकरी कशाला सोडायची?

पण सोडायला सांगितलंय कुणी? संध्याकाळचा एक तास पुरे. वेबसाठी तीन भाषा लागतात. एचटीएमएल म्हणजे घराच्या भिंती, सीएसएस म्हणजे रंगरंगोटी आणि जावास्क्रिप्ट म्हणजे बटण दाबताच लागणारा दिवा. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं. म्हणून वेबपान बनवायला कुणाची परवानगी लागत नाही. साधं नोटपॅड आणि ब्राउझर असला की झालं!

सुरुवात आपल्या शिवारातूनच करा की! उसाचा हिशोब करणारं एक पान बनवा. वीस टन ऊस, दर टनाला समजा ३००० रुपये. बटण दाबलं की उत्तर ६०,०००. टनाच्या रकान्यात कुणी चुकून 'वीस' असं अक्षरात लिहिलं तर? पान गोंधळेल. ती चूक शोधायची कशी? इथे जुनं काम उपयोगी पडतं बरं का! बंद पडलेला प्रिंटर तपासताना दादा एकेक शक्यता वगळत जातो ना, अगदी तसंच!

मात्र हे महिन्याभरात जमत नाही. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी सुरुवातीला किर्लोस्करांचा नांगर घेईनात. म्हणून त्यांनी कारखाना बंद नाही केला! तेव्हा पालकहो, आधी तीन-चार चांगली पानं तयार होऊ द्या. ती दाखवून काम मिळू लागलं, की मगच जुनी नोकरी सोडायचा विचार करा.

आणि मुलांनो, दादाचं पहिलं पान तुम्हीच तपासा. मुद्दाम चुकीचे आकडे टाका. चूक सापडली तर हसू नका हं, त्याला दाखवा!