जाम बोल्ट (वाहनांचे ब्रेक)

जाम बोल्ट म्हणजे गंज, उष्णता, साचलेली धूळ किंवा अवाजवी आवळणी यांमुळे आट्यांत घट्ट धरला गेलेला आणि नेहमीच्या पान्याने न सुटणारा बोल्ट. ब्रेकचे भाग चाकालगत, चिखलपाण्याच्या माऱ्यात असतात आणि वापरात वारंवार तापून थंड होतात. त्यामुळे तेथे हा प्रश्न विशेष आढळतो. घरी ब्रेक पॅड किंवा लायनर बदलताना बोल्ट तुटला, तर तासाभराचे काम लांबते. त्याहून गंभीर बाब अशी की, तुटलेल्या किंवा ताणलेल्या बोल्टवर घाईने पुन्हा जोडलेला ब्रेक वरून ठीक दिसतो आणि ऐन उतारावर निकामी होऊ शकतो.

कारणे

गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील फट अत्यंत अरुंद असल्याने तेथे तयार झालेला गंज पाचरीसारखा काम करतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये बसवलेला असल्यास ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया घडते व ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांत दाटते.

बर्फाळ देशांत रस्त्यांवर टाकलेले मीठ आणि कोकणात खारी हवा ही गंजाची मुख्य कारणे आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात ही दोन्ही नाहीत. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. मात्र पश्चिमेकडील अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी परिसरात अतिवृष्टी होते. कोरड्या भागात बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळून आट्यांत कडक होते. पाथर्डीकडील करंजी घाट किंवा संगमनेर तालुक्यातील चंदनापुरी घाट यांसारख्या उतारांवर भरलेल्या वाहनाचे ब्रेक फार तापतात, ही त्यात भर. गाळप हंगामानंतर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांना तर पूर्ण पावसाळा गंजायला मिळतो.

जोर आणि मोड

पान्याने लावलेला पीळ हा जोर व पान्याची लांबी यांच्या गुणाकाराइतका असतो. पाव मीटर लांबीच्या पान्यावर 400 न्यूटन जोर दिल्यास 100 न्यूटन-मीटर पीळ मिळतो; त्याच पान्याला पाइप जोडून लांबी एक मीटर केली की तो 400 होतो. 8.8 दर्जाचा 10 मिलिमीटर व्यासाचा बोल्ट साधारण 50 न्यूटन-मीटरपर्यंत आवळला जातो. म्हणजे पाइप जोडताच हाताला जाणवण्याआधी बोल्ट तुटण्याची मर्यादा ओलांडली जाते. ब्रेकमधील एअर काढण्याचा निपल पोकळ असल्याने त्याहून कितीतरी कमी पिळाने मोडतो. घरगुती दुरुस्तीत सर्वाधिक मोडणारा भाग बहुधा हाच.

सोडवण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी वाहन केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर घेतले जाते, कारण जोराचा हिसका बसल्यास जॅक कलंडू शकतो. तारेच्या ब्रशने आटे साफ करून त्यांत झिरपणारे तेल सोडतात व त्याला वेळ देतात. काही वेळा रात्रभर. रॉकेल व डिझेलचा वापर सर्रास होतो, परंतु खनिज तेलाने ब्रेकमधील रबरी सील फुगतात आणि पॅडवर तेल गेल्यास ते बदलावेच लागतात. म्हणून पॅड आधी काढणे किंवा झाकणे आवश्यक असते.

डोक्याचे कोपरे झिजू नयेत यासाठी बाराऐवजी सहा कोनांचा सॉकेट वापरतात. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके दिल्यास गंजाची पकड तडकते. त्यानंतर बोल्ट किंचित आवळून मग सैल करणे आणि अडखळल्यास मागे-पुढे फिरवणे, हा मार्ग सलग ओढण्यापेक्षा सुरक्षित आहे. अडकलेला ड्रम काढण्यासाठी अनेक वाहनांत ड्रमवरच आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत बोल्ट आवळत गेल्यास ड्रम बाहेर ढकलला जातो. हे ठाऊक नसल्याने हातोड्याने ड्रम फोडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

उष्णता प्रभावी असली तरी ब्रेकमध्ये तिला मर्यादा आहेत. कॅलिपर व होज जागेवर असताना ज्योत वापरू नये: आतील ब्रेक ऑइल उकळते, ते ज्वलनशील असते आणि सील जळतात. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग नेल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

तुटलेला बोल्ट

तुकडा बाहेर डोकावत असल्यास त्यावर नट वेल्ड करून फिरवतात. वेल्डिंगची उष्णताही पकड सैल करते. आत तुटला असल्यास बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून डाव्या फेऱ्याच्या बिटाने छिद्र पाडले जाते. पुष्कळदा त्यातच तुकडा सुटतो. ईझी-आउट हे साधन कठीण पण ठिसूळ असते. ते आत मोडल्यास साध्या बिटाने छिद्र पाडता येत नाही, त्यामुळे येथून पुढचे काम लेथवर्कशॉपकडे देणे स्वस्त पडते. आटे गेलेल्या छिद्रात मोठा टॅप मारणे इतरत्र चालते. कॅलिपर किंवा त्याच्या ब्रॅकेटबाबत उत्पादकाची परवानगी नसल्यास तो भागच बदलतात.

पुन्हा जोडणी

बोल्टच्या डोक्यावरील 8.8 किंवा 10.9 हे आकडे त्याचा दर्जा दर्शवतात. 8.8 मधील पहिला आकडा 800 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणबल सांगतो, तर दुसरा त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 वर, बोल्ट कायमचा ताणू लागतो हे दाखवतो. भारतात हे दर्जे आयएस 1367 या मानकात दिलेले आहेत. हार्डवेअरच्या दुकानातील खूण नसलेला बोल्ट मापाने बसला तरी ब्रेकसाठी पर्याय ठरत नाही. नवा बोल्ट टॉर्क पान्याने उत्पादकाने दिलेल्या मूल्याइतकाच आवळतात. निपल किंवा नळी उघडली असल्यास एअर काढून, पेडल दाबून गळती तपासतात आणि पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागी कमी वेगात घेतात.