विश्लेषण : खिशातला ४० पट झूम ताडोबात किती कामाचा?

ताडोबात सफारीला मोबाइल नेता येत नाही. मोठ्या लेन्सचा कॅमेरा सगळ्यांना परवडत नाही आणि पेलवतही नाही. मग सहलीच्या तयारीत ‘लाँग झूम’ कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचे नाव निघते. कॅननचा २०१८ मध्ये आलेला पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस हा त्यातलाच एक. वजन सुमारे ३०० ग्रॅम आणि झूम ४० पट. पण वाघ समोर आल्यावर तो किती साथ देतो?

एवढ्याशा डबीत एवढा झूम कसा?

यात लेन्सइतकीच करामत सेन्सरची आहे. जाहिरातीत २४ ते ९६० मिमी असे आकडे दिसतात. लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ ४.३ ते १७२ मिमीच आहे. मात्र १/२.३ इंची सेन्सर फुल फ्रेम सेन्सरच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाएवढा. त्यामुळे दृश्याचा अगदी लहान तुकडा टिपला जातो आणि फुल फ्रेम कॅमेऱ्याला ९६० मिमीची लेन्स लावल्यासारखा जवळ दिसतो. हा झूम ऑप्टिकल आहे, चित्र कापून मोठे केलेले नाही. लख्ख उन्हात पाणवठ्यापलीकडचा पक्षी ओळखता येतो तो म्हणूनच. (भर उन्हाळ्यात दुपारी मात्र तापलेल्या जमिनीवरची हवाच थरथरते, तिथे महागड्या लेन्सचाही इलाज चालत नाही.)

घोडे पेंड कुठे खाते?

प्रकाशापाशी. २४ मिमीला अ‍ॅपर्चर एफ/३.३ असते, ९६० मिमीला एफ/६.९. म्हणजे झूम पूर्ण ताणला की सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश पाव हिश्शाहूनही कमी होतो. वाघ बाहेर पडतो तो भल्या सकाळी किंवा दिवस कलताना. झूमची गरज आणि उजेडाची टंचाई नेमकी एकाच वेळी येते. शटर जास्त वेळ उघडे ठेवले तर चालता वाघ पुसट येतो. आयएसओ ३२०० या कमाल मर्यादेकडे नेला तर पट्ट्यांवर दाणे उमटतात. कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरते, वाघाची चाल नाही. रॉ फाइलची सोयही नसल्याने नॉइज पुसताना कॅमेऱ्याने घालवलेला अंगावरच्या केसांचा तपशील नंतर संगणकावर परत मिळत नाही.

दुसरी उणीव व्ह्यूफाइंडरची. हात लांब करून स्क्रीनकडे पाहताना ९६० मिमीवर प्राणी चटकन चौकटीबाहेर निसटतो. त्यासाठी झूम क्षणभर मागे नेणारे बटण दिले आहे आणि ते खरोखर उपयोगी आहे. तरी सोनीच्या एचएक्स९९ मध्ये झूम ३० पटच असला, तरी व्ह्यूफाइंडर आणि रॉ दोन्ही मिळतात. जंगलासाठी तो सौदा अधिक शहाणपणाचा. सेन्सर तेवढाच लहान असल्याने प्रकाशाचे रडगाणे मात्र तिथेही कायम.

एसएक्स७४० आधीच घरात असेल तर कोपरे जिप्सीच्या दांड्यावर टेकवावेत, चालकाला इंजिन बंद करायला सांगावे आणि उजेड कमी असेल तर झूम थोडा मागे घ्यावा. एका चार्जमध्ये सुमारे २६५ फोटो निघतात, त्यामुळे जादा बॅटरी सोबत असलेली बरी.