सही आपली, शब्द कोणाचे?

पवनी-साकोलीकडील शेतकऱ्यास सातबाऱ्यासाठीं आतां चावडीच्या खेपा घालाव्या लागत नाहींत. १ मे २०१८ रोजीं महाराष्ट्रांत डिजिटल सहीच्या उताऱ्याची सोय सुरू झाली. सोय मोठी खरी. परंतु पडद्यावरील 'ऑथेंटिकेशन', 'अधिप्रमाणन' हे शब्द ज्यास उमगत नाहींत, त्यानें 'मी सहमत आहें' यावर बोट ठेवावें तें कोणत्या भरंवशावर?

युरोपीय संघानें २०१४ च्या ९१० क्रमांकाच्या नियमावलींत इलेक्ट्रॉनिक सहीचे साधी, प्रगत व अर्हताप्राप्त असे भेद करून प्रत्येकीची व्याख्या दिली. त्यांपैकीं अर्हताप्राप्त सहीसच हातच्या सहीचें बळ आहे. संघाच्या राजभाषा चोवीस. कायद्याचा प्रत्येक भाषेंतील मजकूर सारखाच प्रमाण. म्हणून तेथें शब्द चुकला कीं हक्कच चुकतो.

आमच्याकडेहि शिवकालीं राज्यव्यवहारकोश झाला, १९६० मध्यें भाषा संचालनालय निघालें. परंतु कोशांतला शब्द लोकांच्या तोंडीं बसावा लागतो. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली. भंडाऱ्याच्या लोकांनीं 'माजी मालगुजारी तलावां'चे सरळ 'मामा तलाव' केले!

तेव्हां 'ओटीपी' हा परका शब्द खुशाल राहो. त्याखालीं 'हा आंकडा म्हणजे तुमच्या घराची किल्ली, कोणासहि देऊं नये' एवढें मराठींत असावें. तें होईपर्यंत, आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईस अथवा गांवाकडील वडील मंडळींस हे शब्द समजावून देणें हें सुशिक्षित कुटुंबांचें कर्तव्यच होय, असें आम्हांस वाटतें.