कांडी भरेपर्यंत

पहाटे 5:35
वीज गेली. इचलकरंजीच्या या गल्लीत माणूस आवाजानं उठत नाही, आवाज थांबला की उठतो. खाली सहा साधे माग रात्रभर चालू होते. ते एकदम गप्प झाले आणि वरच्या खोलीत तो उठून बसला. आधी हात गेला तो लॅपटॉपकडं. रात्रभर लावलेलं काम बंद पडलं नाही ना, एवढं बघितलं. जुना, दुसऱ्या हातानं घेतलेला लॅपटॉप आहे. बॅटरी वीस मिनिटं टिकते.

वय सव्वीस. कॉम्प्युटरचा डिप्लोमा. तीन वर्षं तो एक व्हिडिओ गेम बनवतोय. कांडी भरणाऱ्या बाईचा गेम. मी एक दिवस त्याच्या मागं मागं राहायचं ठरवलं आणि आदल्या रात्रीच मुक्कामाला आलो.

5:50 ला वीज आली. खालून खटखट सुरू झाली आणि चहाच्या कपात बारीक लाटा उठल्या.

सकाळी 7:00
आई कांडी मशीनवर बसली. शेजारच्या मावशी आल्या. कांडी म्हणजे वीतभर लांबीची दांडी. कोनावरचं सूत तिच्यावर गुंडाळायचं. भरलेली कांडी धोट्यात जाते, धोटा मागात इकडून तिकडं पळतो आणि कापडाचा आडवा धागा पडत जातो. काही मिनिटांत कांडी संपते. सहा माग म्हणजे सतत कुठंतरी एक कांडी संपत आलेली. म्हणून कांडीवाल्या बाईला मान वर करायला मिळत नाही.

मावशींना दिवसाचे तीनशे. आईचा रोज वहीत कुठंच नाही. घरची बाई.

मी बोटांकडं बघत राहिलो. रिकामी कांडी डाव्या हातात, सुताचं टोक उजव्या. धागा तुटला की दोन्ही हातांच्या चिमटीत गाठ. गाठ मारताना त्या बघतही नाहीत. मावशींच्या तर्जनीवर सुतानं पडलेली खाच आहे. बावीस वर्षांची.

सकाळी 8:00
पाळी बदलली. रात्रीचा कामगार डबा उचलून निघाला. त्याची मजुरी मीटरवर, तीही पिकाच्या हिशेबानं. पीक म्हणजे इंचात बसणारे आडवे धागे. इथं भाव बोलायचा तो 52 पिकाच्या कापडावर. मी गल्लीतच गुणाकार केला. मीटरला दोन हजार सत्तेचाळीस धागे. धोट्याच्या तेवढ्याच फेऱ्या, तेवढेच ठोके. एका मीटरचे.

दिवसपाळीला वडील स्वतः उभे राहिले. ते खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, यांची विणाई. सध्या पिकाला साडेपाच पैसे. म्हणजे मीटरला दोन रुपये शहाऐंशी पैसे. त्यातून कामगार, मावशी, वीज, तेल, धोट्याची दुरुस्ती.

सकाळी 9:30
मुलगा वर जाऊन बसला, पण गेम उघडला नाही. आधी पोटापाण्याचं काम. पडद्यावर रस्त्याचे फोटो येतात. रिक्षाभोवती चौकट ओढायची, स्कूटरभोवती ओढायची, रस्ता ओलांडणाऱ्या बाईभोवती ओढायची. आपोआप चालणाऱ्या गाड्यांना रस्ता ओळखायला शिकवायचं ते असं. एका चौकटीला चाळीस पैसे.

बोलायला मिळत नाही. मीही गप्प बसलो. पावणेचार तासांत 640 चौकटी झाल्या. 35 परत आल्या, कडा नीट नाहीत म्हणून. त्यांचे पैसे नाहीत. हातात दोनशे बेचाळीस रुपये.

वडील मीटरवर, मुलगा चौकटीवर. आई कशावरच नाही.

दुपारी 1:30
जेवण. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. वडील उभ्यानंच जेवले, दारातून मागांवर नजर ठेवून. ‘गेम विकून घर चालतं व्हय?’ असं त्यांना मी विचारावं, अशी त्याच्या मामांची इच्छा होती. मी विचारलं नाही. वडील आपणहून म्हणाले, ‘माग टाकताना माझ्या बापालाबी असंच इचारत हुते.’

दुपारी 2:15
आता गेम. गोदो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर तो वापरतो. त्याला परवान्याचे पैसे नाहीत आणि विक्रीतला वाटाही द्यावा लागत नाही. गेममध्ये एक खोली आहे, कांडी मशीन, बारा तासांची पाळी. खेळणाऱ्यानं कांड्या भरायच्या, तुटलेलं सूत सांधायचं, मधेच पोराला शाळेत सोडायचं. चौथ्या पातळीवर शेजारी नवे माग येतात.

ज्या गेमनं त्याला हे सुचलं त्याचं नाव ‘पेपर्स, प्लीज’. 2013 साली लुकास पोप या माणसानं एकट्यानं बनवलेला. एका काल्पनिक देशाच्या सीमेवर बसून पासपोर्ट तपासायचे, दिवसाच्या पगारात घर चालवायचं. बस. मी तो खेळलोय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी समोरच्या माणसाचं तोंड बघणं सोडून दिलं होतं, फक्त शिक्के बघत होतो. काम माणसाला काय करतं हे मला कुठल्या सिनेमानं इतकं हातात आणून दिलेलं नाही. छोटे, एकट्यादुकट्यानं केलेले गेम मला म्हणून मोलाचे वाटतात. मोठी कंपनी कांडी भरणाऱ्या बाईवर पैसे लावणार नाही.

आजचं काम आवाजाचं. फोन रुमालात गुंडाळून तो खाली गेला. सहाव्या मागाचा ठोका वेगळा पडतो, जरा लंगडा. तोच त्याला हवा होता. पाच वेळा रेकॉर्ड केला. दोनदा बाहेरून टेम्पोचा हॉर्न आला, एकदा वडील ओरडले. चौथा घेतला.

दुपारी 4:30
कोल्हापूरहून चित्रकार मुलीचा फोन. ती कलाशाळेत शिकलेली, गेमची चित्रं तीच काढते. चित्राला चारशे रुपये. मागच्या महिन्याच्या तीन चित्रांचे पैसे द्यायचे राहिले होते, त्यानं आज आठशे पाठवले. चारशे राहिले.

एआयकडून चित्रं फुकट निघतात, हे दोघांनाही ठाऊक आहे. मामांनी मोबाइलवर काढूनही दाखवली. स्टीम या दुकानावर गेम ठेवताना एआय वापरलं असेल तर जानेवारी 2024 पासून तसं कळवावं लागतं. पण त्याची अडचण वेगळी होती. मामांच्या चित्रातली बाई चरख्यावर बसली होती. कांडी मशीन त्या यंत्रानं कधी पाहिलंच नव्हतं. ही मुलगी दोन रविवार खाली मशीनपाशी बसून गेली होती.

संध्याकाळी 6:00
दोन गल्ल्या सोडून एका शेडमध्ये गेलो. तिथं रेपिअर माग. धोटा नाही. पातं सरळ कोनावरचं सूत ओढून नेतं. वेग साध्या मागाच्या कितीतरी पट आणि कापडाला डाग कमी. मालक भला माणूस, त्यानं चहा पाजला. साधे माग कुठं गेले विचारलं तर म्हणाला, ‘किलोवर गेले.’ भंगारात.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला. तेव्हा हातमागवाल्यांच्या घरी काय बोलणं झालं असेल, हे मला तिथं उभा असताना राहून राहून वाटत होतं.

कामगार या शेडमध्येही आहेत. कमी, पण आहेत. दोघंजण नवीन माग शिकले, त्यांचा पगार वाढलाय. कांडी मशीन मात्र दिसेना. विचारायचीही गरज नव्हती. धोटा नाही तर कांडी कशाला? सूत आडवं जाताना मध्ये बाईचा हातच लागत नाही. माग गेले की किती गेले ते मोजतात, कारण मागाची नोंद असते. कांडीवाल्या बायकांचं काम गेलं की त्या घरी बसतात, आणि घरी बसलेली बाई कुणी मोजत नाही. मला याचा राग येतो.

संध्याकाळी 7:30
भिशी. आईच्या घरी पंधरा बायका. महिन्याला हजार, चिठ्ठी निघेल तिला पंधरा हजार.

मुलाला आधी लोकांकडून पैसे उभे करायचे होते, इंटरनेटवरून. 2012 साली अमेरिकेतल्या डबल फाइन कंपनीनं किकस्टार्टरवर एका गेमसाठी चार लाख डॉलर मागितले होते, तेहतीस लाखांवर मिळाले. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ मात्र तिथं उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही. तिथला नियमच असा आहे की पूर्ण रक्कम जमली तर मिळते, नाही तर काहीच नाही. तरी ‘राजी’ 2020 मध्ये आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन होतं. हे मुलाला पाठ आहे. पण किकस्टार्टरवर भारतातून थेट मोहीम उघडता येत नाही. परदेशात कुणी ओळखीचं नाही.

मार्चमध्ये आईची चिठ्ठी निघाली. पंधरा हजारांतले साडेआठ हजार स्टीमला गेले. गेम ठेवायची फी शंभर डॉलर, आणि हजार डॉलरची विक्री झाली तर ती परत मिळते. सहा हजार चित्रकार मुलीला, पंधरा चित्रांचे. उरलेले पाचशे वीजबिलात.

बायकांना हे माहीत आहे. त्या अधूनमधून विचारतात, ‘आमचा गेम कुठवर आला?’ परक्या देशातल्या हजार माणसांनी पैसे दिले असते तर काम रखडल्यावर त्यांनी रागानं पत्रं लिहिली असती, आणि त्यात त्यांची चूकही नसती. इथं कुणी रागावत नाही. पण रोज सकाळी सातला एक भिडू खाली येऊन बसते. मला हे ओझं जास्त वाटलं. त्याला तसं वाटत नाही. तो म्हणाला, ‘निदान कुणाचं घेतलंय ते तोंड माहीत आहे.’

रात्री 8:40
बायका पांगल्या. मावशी थांबल्या. त्यानं लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गेम हातात घेतला. दोन मिनिटं चुकल्या, मग कांड्या भरायला लागल्या. भरभर. आई मागून बघत होती.

सूत तुटलं. पडद्यावर खूण आली. मावशींनी एक कळ दाबली, गाठ बसली. त्यांनी हात काढून घेतला.

‘एका बोटानं गाठ बसती व्हय रं?’

‘मावशी, गेम आहे, सोपं पाहिजे.’

‘मग डावा हात कुठं गेला बाईचा?’

तो काही बोलला नाही. मावशींनी पिशवीतनं सुताचा तुकडा काढला, तोडला आणि त्याच्या डोळ्यांपुढं सांधला. डाव्या चिमटीत वेढा धरून. मग पुन्हा तोडला, पुन्हा सांधला, सावकाश. तिसऱ्यांदा त्याच्याकडून करून घेतला. त्याची गाठ सुटली. ‘बघ,’ म्हणाल्या, आणि चप्पल घालून गेल्या.

रात्री 11:50
खाली रात्रपाळी. फरशी हलतेय. मी भिंतीला टेकून बसलोय. तो गाठीचं सगळं पुन्हा लिहितोय. आता डाव्या हातानं एक कळ दाबून धरायची, उजव्या हातानं टोक वेढ्यातून काढायचं, आणि दोन्ही एकदम सोडायचं. जरा आधी सोडलं की धागा सुटतो.

चित्रकार मुलीला त्यानं निरोप धाडला, डाव्या हाताची चार चित्रं लागतील. तिचं उत्तर लगेच आलं. सोळाशे होतील, आधीचे चारशे वेगळे. तो हिशेबाच्या वहीत दोन्ही आकडे मांडतो.

मग करून बघतो. सुटली. परत. सुटली. बाजूला मावशींनी ठेवलेला सुताचा तुकडा आहे. तो लॅपटॉप सोडून तुकडा उचलतो, तोडतो, सांधतो.

उद्या सकाळी नऊपर्यंत 600 चौकटींचा नवा गठ्ठा येणार आहे.